निर्दोष गाडीची नोंद किती दिवस ठेवायची?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी चालवणाऱ्यांची एक जुनी सवय आहे. पुढे कॅमेरा आहे हे माहीत असलं की पाय ब्रेकवर जातो आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटरवर. वेग एकाच जागी मोजणाऱ्या यंत्राला असं चकवता येतं. म्हणूनच या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या रस्त्यावर २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या यंत्रणेत सरासरी वेग मोजण्याचीही सोय आहे. तिचं गणित शाळेतलंच आहे. समजा, रस्त्यावर कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमध्ये १० किलोमीटरचं अंतर आहे आणि वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. मर्यादा पाळणाऱ्या गाडीला हे अंतर कापायला किमान ६ मिनिटं लागतात. एखादी गाडी ५ मिनिटांतच दुसऱ्या कमानीखाली आली, तर तिचा सरासरी वेग १२० होता. मग कमानीखालून ती कितीही सावकाश गेलेली असो.

या गणितातली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. गाडी पहिल्या कमानीखालून जाते तेव्हा ती पुढे नियम मोडणार आहे की नाही, हे यंत्राला ठाऊक नसतं. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ त्याला टिपून ठेवावी लागते. भरधाव जाणाऱ्या दहा गाड्या पकडायच्या, तर शिस्तीत जाणाऱ्या हजारो गाड्यांचीही नोंद करावी लागते. त्या दहांना चलान जातं, आणि ते जायलाच हवं. पण बाकीच्या हजारोंच्या नोंदीचं पुढे काय होतं? दुसरी कमान ओलांडताच ती पुसली जाते, महिनाभर राहते, की कायमची राहते?

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा ‘कॅमेरे हवेत की नकोत’ इथेच घुटमळते. एका बाजूला सुरक्षितता, दुसऱ्या बाजूला खासगीपणा, अशी ओढाताण सुरू होते आणि त्यातून काहीच निघत नाही. जगात ज्या देशांनी या प्रश्नाचा नीट विचार केला, त्यांच्याकडे वाद वेगळ्याच जागी झाला. ज्याने काहीही केलेलं नाही, त्याची नोंद किती काळ ठेवायची आणि कोणत्या कामासाठी वापरायची, हा तो वाद.

यंत्र नंबर कसा वाचतं?

नंबर प्लेट आपोआप वाचणारं तंत्र, म्हणजे एएनपीआर, आजकालचं वाटत असलं तरी त्याचा जन्म १९७६ चा आहे. ब्रिटनमधल्या पोलिसांच्या वैज्ञानिक संशोधन विभागात ते तयार झालं आणि १९८१ मध्ये त्याच्या मदतीने चोरीच्या गाडीचा छडा लागून पहिली अटक झाली.

या कामासाठी सहसा दोन चित्रं टिपली जातात. एक साधं रंगीत, गाडीचा आकार, रंग आणि आजूबाजूचा रस्ता दाखवणारं. दुसरं इन्फ्रारेड प्रकाशातलं. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण नंबर प्लेटवरचा चकचकीत थर तो आला त्याच दिशेला परत फेकतो. त्यामुळे रात्रीच्या अंधारातही, समोरच्या हेडलाइटच्या झगमगाटातही, चित्रात प्लेट तेवढी लख्ख उठून दिसते. मग संगणक प्लेटचा चौकोन शोधतो, तिरका असेल तर सरळ करतो, एकेक अक्षर सुटं करतो आणि ओळखतो. आधी दोन अक्षरं, मग दोन आकडे, मग पुन्हा अक्षरं आणि शेवटी चार आकडे, हा आपल्याकडचा क्रम माहीत असल्यामुळे ‘बी’ आणि ८, ‘एस’ आणि ५ यांच्यातला गोंधळ बराच कमी होतो.

आपल्या रस्त्यांवर या यंत्राची पहिली अडचण होती ती हौशी प्लेट्सची. ४१४१ असं लिहायचं की वाचणाऱ्याला ‘दादा’ दिसावं, ४९१२ मध्ये ‘पवार’, २१४ मध्ये ‘राम’. वळणदार अक्षरं, देवनागरी आकडे, कोपऱ्यात पक्षाचं चिन्ह. माणसाला कौतुकाने वाचता येणारी ही कलाकुसर यंत्राला कळत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, आणि पुढे महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवून घ्यावी लागली. चोरी आणि बनावट प्लेट यांना आळा घालणं हा तिचा सांगितलेला उद्देश आहे. पण एकाच मापाची, एकाच ठशाची अक्षरं सगळ्या गाड्यांवर आली की रस्त्यावरची प्रत्येक गाडी यंत्राला वाचता येण्याजोगी होते, हा तिचा तितकाच मोठा परिणाम आहे.

आता साठवणुकीचा हिशेब करून पाहू. वाचून झालेल्या नोंदीत नंबर, ठिकाण, तारीख आणि वेळ एवढंच असतं. अशा एका नोंदीला १०० बाइट जागा धरली आणि एखाद्या शहरात रोज १० लाख नोंदी होतात असं मानलं, तर दिवसाला १०० एमबी आणि वर्षाला सुमारे ३६ जीबी होतात. म्हणजे अख्ख्या शहराची वर्षभराची ये-जा बाजारात मिळणाऱ्या ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मावते आणि वर जागा उरते.

या छोट्या हिशेबाने बरंच काही बदललं आहे. व्हिडिओ कॅसेटच्या काळात जुनं चित्रण आपोआप पुसलं जायचं, कारण कॅसेट महाग असे आणि तीच पुन्हा वापरावी लागे. विसरणं हा तंत्राचा दोष होता आणि त्या दोषात नागरिकाला संरक्षण मिळत होतं. आता ठेवणं स्वस्त झालं आहे. पुसायचं असेल तर कुणीतरी तसं ठरवावं लागतं, आणि ज्याच्या हातात ती नोंद आहे त्याला ते ठरवण्याचं काही कारण नसतं. ते काम कायद्यालाच करावं लागतं.

फायदा खरा आहे

कॅमेऱ्यांची बाजू आधी मान्य केली पाहिजे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतली सुमारे १५ हजार एकट्या महाराष्ट्रातली होती. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांवर जगभर झालेल्या ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. कॅमेरे बसवलेल्या रस्त्यांवर मृत्यू आणि गंभीर दुखापती होणारे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं. अभ्यासांचा दर्जा सारखा नव्हता आणि आकड्यांतलं अंतर मोठं आहे, तरी दिशा स्पष्ट आहे. कॅमेऱ्याला ओळखपाळख नसते, तो चिरीमिरी मागत नाही आणि भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभं राहण्याची वेळ हवालदारावर आणत नाही.

गुन्हे रोखण्याच्या बाबतीत चित्र थोडं फिकट आहे. सीसीटीव्हीवरच्या चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण गुन्ह्यांत सुमारे १३ टक्के घट, तीही मुख्यतः पार्किंगच्या जागांमधल्या वाहनचोऱ्यांमध्ये. हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम नाही, असं त्यात आढळलं. गुन्हा घडून गेल्यावर तपासाला चित्रणाचा मोठा आधार मिळतो, हे वेगळं. मुंबईचं कॅमेऱ्यांचं जाळंही एका मोठ्या हल्ल्यानंतरच आलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने अशा जाळ्याची शिफारस केली आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांची यंत्रणा शहरात रीतसर सुरू झाली. त्याच सुमारास मुंबईत ई-चलानही आलं. दहशतवाद्यांसाठी मंजूर झालेला कॅमेरा पहिल्याच महिन्यापासून हेल्मेट न घातलेल्यालाही टिपू लागला. यात गैर काही नाही, पण एका कामासाठी उभारलेली यंत्रणा किती सहज दुसऱ्या कामाला लागते, ते यातून दिसतं.

चुकीच्या माणसाच्या दारात

यंत्र प्लेट वाचतं, माणूस वाचत नाही. या फरकातून होणारे घोटाळे मजेशीरही असतात आणि भीषणही. २०२१ मध्ये मुंबईत नियमभंगाची चलानं थेट रतन टाटांच्या गाडीच्या नावाने निघत होती. तपास केल्यावर कळलं की कुणी दुसऱ्याच व्यक्तीने अंकशास्त्राच्या नादाने आपल्या गाडीला तोच नंबर लावला होता. टाटांच्या नावामुळे प्रकरण लवकर उलगडलं. साताऱ्याच्या एखाद्या शिक्षकाला, तो कधी गेलाच नाही अशा शहरातलं चलान आलं, तर आपण तिथे नव्हतो हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर येतं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोरा शहरात ऑगस्ट २०२० मध्ये याहून वाईट घडलं. यंत्राने एका गाडीचा नंबर चोरीच्या वाहनाशी जुळवला. पोलिसांनी त्या कृष्णवर्णीय कुटुंबावर बंदुका रोखल्या आणि लहान मुलींसह सगळ्यांना रस्त्यावर पालथं झोपवलं. चोरीचं वाहन प्रत्यक्षात मोटारसायकल होती, आणि तीही दुसऱ्याच राज्यातली. आकडे तेवढे सारखे होते. हजारात एक नंबर चुकीचा वाचला गेला, तरी रोजच्या १० लाख नोंदींत हजार चुका होतात. म्हणून यंत्राच्या इशाऱ्यावर कारवाई करण्याआधी एखाद्या माणसाने चित्र डोळ्यांनी पाहणं, हा सोपस्कार नसून आवश्यक भाग आहे.

घोटाळ्याचा तिसरा प्रकार केरळमध्ये २०२३ मध्ये दिसला. तिथे राज्यभर बसवलेल्या नव्या कॅमेऱ्यांनी हेल्मेट न घातलेल्या एका स्कूटरस्वाराचा फोटो काढला आणि तो गाडीच्या नोंदणीकृत मालकाला, म्हणजे त्याच्या बायकोला पाठवला. मागच्या सीटवर दुसरीच स्त्री बसलेली होती. घरात भांडण झालं, मारहाणीपर्यंत गेलं आणि पोलिसांत तक्रार झाली. नवऱ्याचा बचाव करण्याचं इथे काहीच कारण नाही. पण मागे बसलेल्या स्त्रीचा फोटो दुसऱ्याच्या घरी पोहोचवण्याची सरकारला गरज काय होती? जर्मनीत दंडाच्या नोटिशीवरच्या फोटोत शेजारी बसलेल्याचा चेहरा झाकतात. फ्रान्समध्ये नोटिशीसोबत फोटो येतच नाही. मालकाने मागितला तरच देतात. नियमभंग सिद्ध करायला जेवढं लागतं तेवढंच दाखवायचं, असा हा साधा दंडक आहे.

चार नोंदींत माणूस

‘मी काही लपवत नाही, मग मला कशाची भीती?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो एका नोंदीचा विचार करून विचारलेला असतो. एक गाडी मंगळवारी सकाळी दहाला दादरला दिसली, यात खरंच काही नाही. अर्थ निघतो तो नोंदींच्या माळेतून. दर गुरुवारी दुपारी गाडी कर्करोगाच्या रुग्णालयाजवळ दिसते. दर महिन्याला एकदा कौटुंबिक न्यायालयाच्या रस्त्यावर. पत्रकाराची गाडी आणि एका सरकारी अधिकाऱ्याची गाडी एकाच संध्याकाळी एकाच गल्लीत. मोर्चाच्या दिवशी आझाद मैदानाच्या आसपास कोण कोण होतं, त्याची यादी. यांतली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट ज्याच्या हाती लागेल, त्याला त्या माणसावर एक पकड मिळते.

अशी माळ माणसाला किती नेमकं ओळखते, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळलं. १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या ठावठिकाण्याच्या नोंदी, नावं काढून टाकून, संशोधकांनी तपासल्या. अमुक वेळी अमुक जागी, अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. आणि नंबर प्लेटच्या बाबतीत तर नाव काढून टाकल्याचाही दिलासा नाही, कारण नंबर थेट वाहन नोंदणीशी जोडलेला असतो.

पण रस्ता तर सार्वजनिक. तिथे आपण सगळ्यांना दिसतोच, मग खासगीपणा कसला? चौकातला टपरीवालाही रोज आपल्याला पाहतो. फरक इतकाच, की तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ वहीत लिहीत नाही आणि ती वही शहरातल्या इतर सगळ्या टपऱ्यांच्या वह्यांशी जुळवत नाही. हा फरक केवळ प्रमाणाचा आहे की जातीचा, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५५ वर्षांच्या अंतराने दोन उत्तरं दिली.

खरकसिंग ते पुट्टस्वामी

उत्तर प्रदेशातल्या खरकसिंगला १९४१ मध्ये दरोड्याच्या एका प्रकरणात पकडलं आणि पुरावा नसल्यामुळे सोडून दिलं. तरीही पोलिसांनी त्याचं नाव आपल्या दप्तरात चढवलं. राज्याच्या पोलीस नियमावलीनुसार त्याच्या घरावर गुपचूप पहारा ठेवता येत असे, रात्री-अपरात्री दार ठोठावता येत असे, आणि तो गावातून कुठे जातो, कधी परततो, याची नोंद हवालदार आणि चौकीदार ठेवत. त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने रात्री घरात शिरणं बेकायदा ठरवलं. पण ये-जा नोंदवण्यात बहुमताला काही वावगं वाटलं नाही, कारण राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क असा कुठे लिहिलेला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. माणसाच्या पावलांत बेडी नसली, तरी सतत कुणीतरी मागावर आहे या जाणिवेत केलेलं चालणं-फिरणं मोकळं राहत नाही, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खरकसिंग निकालाचा विरोधी भाग रद्दबातल झाला आणि सुब्बा राव यांचं अल्पमत प्रतिष्ठेला पोहोचलं. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही. तो जागेला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेला असतो, हेही त्या निकालात आलं. सरकारला या हक्कावर मर्यादा घालायची असेल तर तीन कसोट्या आहेत. त्यासाठी कायदा हवा, हेतू योग्य हवा, आणि हेतूच्या मानाने घातलेली मर्यादा प्रमाणात हवी.

खरकसिंगवर नजर ठेवायला काही हवालदार आणि चौकीदार लागत. माणसं मोजकी असल्यामुळे पोलिसांना निवड करावी लागे. कॅमेऱ्याने ती निवड अनावश्यक केली. एकेकाळी संशयितापुरती असलेली ये-जा नोंदवण्याची व्यवस्था आज प्रत्येक वाहनधारकासाठी चालू आहे, तीही त्याच्यावर कसलाही संशय नसताना.

तीन मिनिटं ते बारा महिने

इतर देशांनी यावर काढलेले तोडगे एकमेकांपासून फार लांब आहेत. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या कायद्यानुसार, पोलिसांच्या यादीशी न जुळलेला नंबर तीन मिनिटांत पुसावा लागतो. शेजारच्या मेन राज्यात ही मुदत २१ दिवस आहे. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या राष्ट्रीय साठ्यात वाचलेला नंबर १२ महिने राहतो. कॅमेरा तोच, तंत्र तेच. नागरिकाच्या आयुष्यात त्याचा अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा.

जर्मनीत हा मुद्दा घटनेच्या पातळीवर गेला. तिथल्या घटना न्यायालयाने २००८ मध्ये दोन राज्यांचे नंबर वाचण्याचे कायदे रद्द केले. नंबर तपासला, जुळला नाही आणि मागमूस न ठेवता तत्काळ पुसला, तर हक्कावर घाला पडत नाही, अशी त्या वेळी न्यायालयाची भूमिका होती. दहा वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याच न्यायालयाने आपलं मत आणखी कडक केलं. क्षणभर का होईना, प्रत्येक प्रवाशाला तपासणीच्या चाळणीतून काढणं हाच त्याच्या हक्कात हस्तक्षेप आहे, आणि त्यासाठी तितकंच गंभीर कारण हवं, असं ते म्हणालं. तपासणीवर बंदी आली नाही. ती करणाऱ्यावर कारण देण्याची जबाबदारी आली.

ब्रिटनमधले दोन प्रसंग मर्यादा कुठे मोडते ते दाखवतात. हर्टफर्डशायरमधलं रॉयस्टन हे सुमारे १५ हजार वस्तीचं गाव. पोलिसांनी त्याच्या प्रत्येक वाटेवर नंबर वाचणारे कॅमेरे बसवले. नोंद झाल्याशिवाय कुणालाही गाडीने गावात येणं किंवा गावाबाहेर जाणं अशक्य झालं. गुन्ह्यांचं प्रमाण असं काही नव्हतं की एवढा वेढा घालावा. २०१३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी ही व्यवस्था बेकायदा आणि अतिरेकी ठरवली. त्याआधी २०१० मध्ये बर्मिंगहॅममध्ये मुस्लिमबहुल वस्त्यांत दोनशेहून अधिक कॅमेरे लागले, त्यांतले काही लपवलेले. हे सामान्य गुन्हेगारीसाठी आहे असं रहिवाशांना सांगितलं गेलं, पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतून आला होता. ते उघड झाल्यावर लोकांचा विश्वास उडाला, चौकशीत पोलिसांवर कडक टीका झाली आणि कॅमेरे सुरू होण्याआधीच उतरवावे लागले. ज्या वस्तीतून पोलिसांना माहिती हवी होती, तीच वस्ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

किती दिवस ठेवायचं याला जोडूनच कशासाठी वापरायचं हा प्रश्न येतो. जर्मनीत २००५ पासून महामार्गांवरच्या मालमोटारींकडून यंत्राने टोल घेतला जातो. टोलची ही माहिती फक्त टोलसाठीच वापरायची, असं कायद्यात लिहिलेलं आहे. गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी ती खुली करा, अशी मागणी तिथे झाली, तरी ती भिंत उभी राहिली. लंडनमध्ये उलट झालं. शहरातली वाहतूक कोंडी कमी करण्यासाठी २००३ मध्ये शुल्क आलं आणि त्यासाठी कॅमेरे. २००७ मध्ये गृहमंत्र्यांनी दहशतवादविरोधी कामासाठी त्या कॅमेऱ्यांची माहिती पोलिसांना थेट खुली केली. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. टोलनाक्यावरची प्रत्येक नोंद ही प्रवासाचीही नोंद असते. ती टोलपुरतीच राहील अशी जर्मनीसारखी ठाम भिंत आपल्या कायद्यात नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३६-अ आलं आणि रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्याचा आधार मिळाला. २०२१ मध्ये त्याखालचा नियम १६७-अ आला. यंत्राला प्रमाणपत्र हवं, अशा रस्त्याआधी ठळक फलक हवा, चलानसोबत नंबर आणि उल्लंघन स्पष्ट दिसणारा फोटो, जागा आणि वेळ हवी, नोटीस १५ दिवसांत जायला हवी, चलान निकाली निघेपर्यंत पुरावा जपायला हवा, असं त्यात आहे. नियम मोडणाऱ्यासाठी हे संरक्षण बरं आहे. पण हा नियम सगळा नियम मोडणाऱ्याबद्दल आहे. ज्याने मर्यादा पाळली, त्याची नोंद कधी पुसायची, याचा हिशेब त्यात नाही.

तो हिशेब वैयक्तिक माहितीच्या कायद्यात सापडावा, अशी अपेक्षा असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. काम संपलं की माहिती पुसून टाका, असं बंधन त्यात खासगी कंपन्यांवर आहे. मात्र कलम १७(४) वाचलं की लक्षात येतं, सरकार आणि सरकारी यंत्रणांना नेमक्या याच बंधनातून सूट आहे. गुन्हे रोखणं आणि त्यांचा तपास या कामांसाठी कायद्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या स्वतंत्रपणे माफ आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी उरते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की मॉलच्या पार्किंगमध्ये टिपलेला तुमचा नंबर मॉलला एक दिवस पुसावा लागेल, पण मॉलबाहेरच्या चौकात टिपलेला तोच नंबर पुसण्याचं बंधन या कायद्याने कुणावर घातलेलं नाही.

साठवणुकीची मुदत ठरवणं न्यायालयांना किंवा सरकारला जमत नाही, असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमवीरसिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. चित्रण १८ महिने जपावं आणि तशी सोय बाजारात नसेल तर निदान एक वर्ष, असं त्यात स्पष्ट आहे. कारण उघड आहे. कोठडीत मारहाण झाली तर पीडिताला तक्रार करण्याचं धैर्य गोळा करायला वेळ लागतो, आणि तोवर पुरावा टिकला पाहिजे.

पोलीस ठाण्यात कॅमेरा सत्तेकडे पाहतो, म्हणून तिथे लांब मुदत नागरिकाच्या हिताची आहे. रस्त्यावर कॅमेरा नागरिकाकडे पाहतो, म्हणून तिथे आखूड मुदत त्याच्या हिताची. तत्त्व एकच आहे: दोघांत जो दुबळा, त्याच्या बाजूने घड्याळ लावायचं. सध्या आपल्याकडे पहिल्या जागेसाठी मुदत ठरलेली आहे आणि दुसऱ्या जागेसाठी राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडलेली आहे.

यावर नागरिकाला आज करता येण्यासारखंही काही आहे. चलान आलं तर आधी फोटो उघडून पाहावा: गाडी आपली आहे का, प्लेट नीट वाचलेली आहे का, जागा आणि वेळ पटते का. नसेल तर हरकत नोंदवावी. शहरातल्या कॅमेऱ्यांबद्दल महापालिका, पोलीस आयुक्तालय किंवा रस्ते महामंडळ यांच्याकडे माहितीच्या अधिकारात पाच प्रश्न विचारता येतात. नियम न मोडलेल्या गाडीची नोंद किती दिवस राहते? ती पाहण्याचा अधिकार कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे? कुणी, कधी, कशासाठी पाहिली, याची नोंद ठेवली जाते का? ही माहिती इतर कोणत्या खात्यांना दिली जाते? आणि यंत्रणा चालवणाऱ्या खासगी कंत्राटदाराच्या हाती काय राहतं? यांपैकी एकाही उत्तराने तपासाचं गुपित फुटत नाही.

कॅमेऱ्यांच्या निविदांमध्ये मेगापिक्सेल, रात्री दिसण्याची क्षमता, साठवणुकीची जागा, सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. पुसण्याची मुदतही तशीच आकड्यात हवी, आणि ती निविदेत नको, विधिमंडळाने केलेल्या नियमात हवी. सरासरी वेग मोजायला यंत्राला दोन कमानींमधली सहा मिनिटं पुरतात. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचं कारण सरकारने लेखी द्यायला हवं.